विश्लेषण : संगणक सुरू होताना शेवटचा शब्द कोणाचा?

विंडोज १०ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे वाशिम, रिसोड, कारंजा असो की आणखी कुठे, ज्या सेवा केंद्रात किंवा शाळेच्या संगणक कक्षात जुनी यंत्रे आहेत, तिथे तीनच वाटा उरतात : नवे संगणक घेणे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच्या वाढीव अपडेट्ससाठी नाव नोंदवणे किंवा लिनक्स टाकणे. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर बरे चालते. पण ते टाकून देणाऱ्याला एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सुरू होतानाच्या सूचना कुठे लिहिल्या आहेत आणि त्या कोण बदलू शकतो?

कर्नलला सूचना कशा मिळतात?

बटण दाबले की आधी मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते, मग ग्रबसारखा बूटलोडर. तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मेमरीत आणतो आणि त्याच्या हाती एक ओळ देतो. मुख्य विभाजन कोणते, पडद्यावर संदेश दाखवायचे की नाही, असे सारे त्यात असते. साध्या पीसीवर या ओळीला २०४८ अक्षरांची मर्यादा आहे. लिनक्स टाकल्यावर पडदा काळाच राहिला तर दुरुस्तीवाले ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडतात आणि बहुतेकदा काम भागते.

मग धोका कोणता?

हीच ओळ दुसऱ्यालाही बदलता येते. त्यात ‘इनिट’ या पर्यायापुढे साध्या शेलचे नाव लिहिले तर, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसल्यास, पासवर्ड न विचारता यंत्राचा पूर्ण ताबा मिळतो. सेवा केंद्राच्या संगणकात काय असते? लोकांची आधार कार्डे, सातबारे, बँक पासबुकांचे फोटो. पीक विम्याच्या हंगामात तर डाउनलोड फोल्डर ओसंडून वाहत असतो. ग्रबला पासवर्ड लावता येतो, पण तो लावण्याची तसदी फार थोडे जण घेतात.

सूचना कर्नलमध्येच कोरल्या तर?

तशी सोय आहे. कर्नल तयार करतानाच ही ओळ त्यात बसवता येते. पीसीवर नेहमीच्या पद्धतीत आधी अंगभूत ओळ येते आणि तिच्यामागे बूटलोडरची ओळ जोडली जाते. एकच पर्याय दोनदा आला तर बहुधा नंतरचा टिकतो, म्हणजे शेवटचा शब्द बाहेरच्याचाच. दुसऱ्या पद्धतीत बूटलोडरचे काहीच ऐकले जात नाही. पीसीवर तिला ‘ओव्हरराइड’ म्हणतात, एआरएम चिपवर ‘फोर्स’. एकाच कामाला दोन नावे का, हे कर्नलवाल्यांनाच ठाऊक.

खरी अडचण पुढे आहे. ओव्हरराइड म्हणजे सगळे किंवा काहीच नाही. सुरक्षेचे पर्याय पक्के आणि पडद्याचे मोकळे, असे त्यात जमत नाही. समजा, मुख्य विभाजनाचा पत्ता जुन्या हार्डडिस्कच्या नावाने कोरला आणि वर्षभराने तिथे नवी एसएसडी बसवली. पत्ता बदलला, यंत्र सुरूच होणार नाही आणि ‘ई’ दाबूनही उपयोग नाही. डिस्कच्या विशिष्ट क्रमांकाने पत्ता लिहिला तर तोच कर्नल कक्षातील दुसऱ्या संगणकावर चालणार नाही. त्यापेक्षा सगळ्या यंत्रांवर विभाजनाला एकच नाव देऊन तेच कोरणे बरे.

मधला मार्ग कोणता?

युनिफाइड कर्नल इमेज. यात कर्नल, सुरुवातीची फाइलप्रणाली आणि सूचनांची ओळ एकाच फाइलमध्ये बांधून तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी केली जाते. सिक्युअर बूट सुरू असेल तर बाहेरून दिलेली ओळ नाकारली जाते. माझ्या मते केंद्रचालकाने अशा दोन फाइली करून घ्याव्यात : एक रोजची, दुसरी ‘नोमोडसेट’वाली. यादीतून निवड करता येते, ओळ मात्र बदलता येत नाही. विंडोज ८च्या, म्हणजे २०१२च्या आधीच्या यंत्रांत सहसा सिक्युअर बूट नसते. तिथे ओव्हरराइड, फर्मवेअरचा पासवर्ड आणि पेनड्राइव्हवरून बूट बंद, एवढेच हाती राहते. कोणी डिस्कच काढून नेली तर यातले काहीच कामाचे नाही, त्यासाठी एन्क्रिप्शनच लागते.

तुमच्या हातातील फोनमध्ये ‘ई’ कळच नाही. बूटलोडर कुलूपबंद असतो. अँड्रॉइड १२पासून तर अँड्रॉइडच्या स्वतःच्या सूचना या ओळीतून काढून ‘बूटकॉन्फिग’ नावाच्या वेगळ्या मांडणीत नेल्या आहेत. ही सोय लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत, २०२०मध्ये आली.

लिनक्स टाकून घेतले असेल तर ‘प्रॉक’ फोल्डरमधील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल उघडा. यंत्र कोणत्या ओळीवर सुरू झाले ते तिथे दिसते. ‘मिटिगेशन्स’पुढे ‘ऑफ’ लिहिलेले आढळले, तर वेग वाढवण्यासाठी कोणीतरी प्रोसेसरमधील त्रुटींवरचे संरक्षण बंद केले आहे.