कंपाइल होते ते वापरणाऱ्याच्या यंत्रावर

शेडर म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. त्याचा एक प्रकार आकृतीचे शिरोबिंदू पडद्यावर कुठे यावेत हे ठरवतो, तर दुसरा प्रत्येक पिक्सेलचा रंग. मार्च २०११ मध्ये वेबजीएल या ब्राउझरमधील ग्राफिक्सच्या मानकाचे पहिले प्रमाणित रूप प्रसिद्ध झाले, तेव्हापासून असा प्रोग्रॅम कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर न बसवता थेट ब्राउझरमध्ये लिहिता आणि चालवता येतो, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या शेडरटॉय या संकेतस्थळाने ही विद्या शिकण्याची वाट कितीतरी सोपी केली.

या सोयीपोटी एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. वेबजीएलमध्ये आधीच कंपाइल केलेला शेडर पाठवण्याची तरतूद नाही. पाठवला जातो तो मूळ मजकूर, आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर प्रत्येक वापरकर्त्याच्या यंत्रावर, लेखकाने कधी न पाहिलेल्या कंपाइलरकडून होते. विंडोजवरील क्रोममध्ये अँगल नावाचा मधला थर हा मजकूर तपासतो आणि बहुतेक वेळा तो डायरेक्टथ्रीडीच्या शेडरभाषेत उतरवतो, मग मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर त्यावर काम करतो आणि शेवटी ड्रायव्हर यंत्रभाषा तयार करतो. यातील मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरला लूप उलगडून सलग सूचनांत मांडण्याची सवय असल्यामुळे, दुसऱ्या यंत्रावर चुटकीसरशी तयार होणारा शेडर इथे कित्येक सेकंद खाऊ शकतो.

हा वेळ पूर्णपणे टाळता येत नाही, पण त्यापायी पान गोठू न देणे विकसकाच्या हाती आहे. ब्राउझर कंपाइलचे काम पार्श्वभूमीवर सोपवू शकतो. पण शेडर तयार झाला का, असा प्रश्न पानावरील जावास्क्रिप्टने विचारताक्षणी उत्तर मिळेपर्यंत सारे थांबते. म्हणून एकेक शेडर कंपाइल करून लगेच त्याची स्थिती विचारण्याची, पाठ्यपुस्तकांतून सर्रास उचलली जाणारी पद्धत सोडून द्यायला हवी. आधी सर्व शेडर कंपाइलला द्यावेत, मग शेडर जोडून बनणारे सर्व प्रोग्रॅम लिंक करावेत आणि त्यानंतरच लिंकची स्थिती पाहावी. कंपाइलरचा तपशीलवार संदेश लिंक फसली तरच मागवावा. समांतर कंपाइलचे एक्स्टेन्शन उपलब्ध असेल, तर काम संपले की नाही हे न थांबता विचारता येते.

याहून फसवा दोष अचूकतेचा आहे, कारण तो कोणताही संदेश देत नाही. पिक्सेल शेडरच्या आरंभी ‘मीडियमपी’ (मध्यम अचूकता) असे लिहिले, तर डेस्कटॉपवर बहुधा ३२ बिटांचीच संख्या वापरली जाते. अनेक मोबाइल प्रोसेसर मात्र खरोखर १६ बिट वापरतात. अशा संख्येत ५१२ ते १०२४ या टप्प्यात दोन लगतच्या किमतींमध्ये अर्ध्याचे अंतर असते. त्यामुळे पान उघडल्यापासूनचे सेकंद या प्रकारच्या चलात थेट पाठवले, तर सुमारे साडेआठ मिनिटांनंतर पाण्याची लाट वाहत नाही, दर अर्ध्या सेकंदाला हिसका देते. वेळ आवर्तनाच्या मर्यादेत आणूनच जावास्क्रिप्टमधून पाठवणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. चल ‘हायपी’ (उच्च अचूकता) घोषित करूनही काम भागते, पण वेबजीएलच्या पहिल्या आवृत्तीत पिक्सेल शेडरला ती अचूकता मिळेलच असे नाही.

मे २०२३ मध्ये क्रोममध्ये आलेल्या वेबजीपीयू या नव्या मानकाने शेडरची नवी भाषा दिली आणि पाइपलाइन (शेडरसह चित्रणाची पूर्ण मांडणी) असमकालिक रीतीने तयार करण्याची सोय मुळातच ठेवली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही मजकूर पाठवायचा आणि वापरणाऱ्याच्या यंत्रावर कंपाइल करायचा, हे तिथेही बदललेले नाही. शिवाय ब्राउझर एकदा तयार केलेले शेडर डिस्कवर साठवून ठेवू शकत असल्याने विकसकाला आपल्या यंत्रावर पहिल्या कंपाइलचा विलंब क्वचितच जाणवतो. तेव्हा चाचणी करायची ती ही साठवण पुसून, आणि निदान एका मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनवर दहा मिनिटे पान उघडे ठेवून.