व्याजस्तुती आणि गणवेश

उपहासात्मक कलाकृतीत उपहास करणारे एखादे पात्र, एखादा सूत्रधार असावा अशी आपली अपेक्षा असते. पॉल व्हर्होवेन यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९९७) या विज्ञानपटात तसे कोणीच नाही. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या कादंबरीतील व्यवस्था तो वरकरणी गौरवानेच मांडतो. मताधिकार फक्त सेवा बजावलेल्यांना, शत्रू म्हणजे परग्रहावरचे महाकाय कीटक, आणि नायक-नायिका जाहिरातीत शोभावेत इतके देखणे. सुरुवातीची सैन्यभरतीची जाहिरात तर लेनी रीफेनश्टाल यांच्या 'ट्रायम्फ ऑफ द विल' (१९३५) या नाझी प्रचारपटाच्या धर्तीवर रचलेली आहे. तरीही त्या वेळी अनेक समीक्षकांनी चित्रपटालाच फॅसिस्ट ठरवले.

आपल्या साहित्यशास्त्रातील 'व्याजस्तुती' हा अलंकार इथे आठवतो. वर स्तुती, आत निंदा. आतली निंदा ओळखायला काही खूण लागते, आणि अशा खुणा या चित्रपटात जागोजागी आहेत. भरती कार्यालयातला कर्मचारी 'पायदळानेच मला घडवले' अशा आशयाचे अभिमानाने बोलतो. त्याला दोन्ही पाय नाहीत, हे आपल्याला त्यानंतर दिसते. प्रचारफितीतली मुले झुरळे चिरडतात आणि जवळची बाई आनंदाने बेभान होते. माणसांच्या घुसखोरीमुळेच हे युद्ध पेटले असावे, अशी शक्यता एक वार्ताहर बोलून दाखवतो. नायक ती धुडकावून सरसकट संहाराची मागणी करतो. शेवटी पकडलेला कीटक भयभीत आहे हे कळताच सारे सैन्य जल्लोष करते. यांतल्या एकाही प्रसंगात कोणी पात्र विसंगतीकडे बोट दाखवत नाही.

व्हर्होवेन यांचे बालपण जर्मन सैन्याने व्यापलेल्या हेग शहरात गेले. सैनिकी वृत्ती माणसांना ओढून घेते ती तिच्या देखणेपणामुळे, ही जाण चित्रपटभर जाणवते. दिग्दर्शकाने मधूनच डोळा मिचकावला असता, तर प्रेक्षक सुरक्षित अंतरावरून हसून मोकळा झाला असता. इथे तो लढाईत रंगतो, संहाराची वाट पाहतो आणि मग आपण कशाला टाळी दिली या जाणिवेने दचकतो. न दचकणाऱ्याला हा निव्वळ थरारपट वाटेल, ही जोखीम खरीच आहे. तरीही ती पत्करणे मला योग्य वाटते. वर्गात उपहास शिकवताना आपण लेखकाचा हेतू आधीच सांगून टाकतो आणि विद्यार्थ्याचे ते दचकणे हिरावून घेतो. गणवेशाची भुरळ आपल्यालाही पडते, हे ज्याला उमगले नाही, त्याने केलेली युद्धज्वराची चिकित्सा वरवरचीच राहणार.