मताधिकाराची राखण

वर्णाच्या कारणावरून कोणाही नागरिकाचा मताधिकार हिरावून घेता येणार नाही, असे अमेरिकेच्या राज्यघटनेत पंधराव्या दुरुस्तीने १८७० सालीच नमूद झाले. परंतु यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा अल्पकाळ सरताच दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांस मतपेटीपर्यंत पोहोचणे दुरापास्त झाले. दुरुस्तीतील एक अक्षरही कोणी खोडले नाही. फक्त डोईपट्टी भरण्याची अट घातली आणि घटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ सांगावयास लावला. अर्थ बरोबर की चूक हे ठरविणारा नोंदणी-अधिकारी गोरा! घटनेच्या कलमांच्या अर्थाविषयी न्यायमूर्तींतही एकमत होत नाही, हे आम्ही वकील मंडळी नित्य पाहतो. मग कापूस वेचणाऱ्या मजुराची काय कथा?

या अडवणुकीच्या मुळाशी जमिनीचे अर्थकारण होते. मिसिसिपी राज्यातील फॅनी लू हेमर ही मजूर स्त्री ऑगस्ट १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदविण्यास गेली. ज्या मळ्यावर ती अठरा वर्षे राबली, त्याच्या मालकाने अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो, असे तिला बजावले. त्याच रात्री तिला घर सोडावे लागले. घर मालकाचे आणि शेतही मालकाचे, अशा माणसाचे मत तेवढे त्याचे स्वतःचे कसे राहावे, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे पुलावर शांततेने चाललेल्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. तरुण कार्यकर्ते जॉन लुईस यांचे डोके फुटले. त्यानंतर पाच महिन्यांत, ६ ऑगस्ट रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. या कायद्याचे पाचवे कलम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. ज्या राज्यांचा पूर्वेतिहास कलंकित होता, त्यांनी निवडणुकीच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी, असे त्याने ठरविले. पूर्वी अन्याय झाल्याचे पीडिताने सिद्ध करावयाचे, आणि तेही निवडणूक उरकल्यावर. आता अन्याय होणार नाही हे सरकारने आधी सिद्ध करावयाचे. पुराव्याचा भार असा फिरला आणि मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ६० टक्क्यांच्या घरात गेले.

२००६ साली काँग्रेसने या तरतुदींस आणखी २५ वर्षांची मुदत दिली; सीनेटमध्ये विरोधी मत एकही पडले नाही. तरीही २५ जून २०१३ रोजी शेल्बी परगण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी असे ठरविले की, कोणत्या राज्यांस मंजुरी लागावी हे ठरविणारे सूत्र कालबाह्य झाले आहे. सूत्रच गेल्याने पाचवे कलम पुस्तकात उरले, व्यवहारात नाही. बहुमताच्या बाजूने आकडे नव्हते असे नाही. २०१२ च्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे प्रमाण गोऱ्यांहून किंचित अधिकच होते. पण ते ज्या कायद्यामुळे वाढले, तोच अनावश्यक ठरवावयाचा? न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी आपल्या भिन्नमतपत्रात याला, आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्याची उपमा दिली.

पावसाने फार वाट पाहावयास लावली नाही. त्याच दिवशी टेक्सास राज्याने ओळखपत्राचा कडक कायदा अमलात आणण्याचे जाहीर केले. त्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालत होता, विद्यार्थ्याचे ओळखपत्र चालत नव्हते. नॉर्थ कॅरोलिनातील कायदा तर कृष्णवर्णीय मतदारांवर नेम धरून रचला असल्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये अपील न्यायालयाने काढला. तो रद्द झाला खरा, पण दरम्यान तीन वर्षे गेली.

कृष्णवर्णीय गृहस्थ २००८ साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, आता आणखी काय हवे, असा प्रश्न तेथे विचारला जातो. त्याचे उत्तर मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत आहे : २०२२ मध्ये गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५,००० च्याही आत.

सेल्माच्या पुलावर मार खाल्लेले जॉन लुईस पुढे काँग्रेसचे सभासद झाले आणि जुलै २०२० मध्ये निवर्तले. मोडलेले सूत्र नव्याने बसविणारे विधेयक त्यांच्या नावाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. जानेवारी २०२२ मध्ये सीनेटच्या कामकाज-नियमांनी ते अडविले. ज्या सभागृहाने २००६ साली एकमताने होकार दिला होता, तेच हे सभागृह.