पुनर्वसन एकरांत मोजावे काय?

निर्वासिताचे पुनर्वसन पूर्ण झाले, असे केव्हा म्हणावे? सरकारी दप्तर याचे उत्तर एकरांत देते. बंगाली कादंबरीकार मनोरंजन ब्यापारी यांचे आयुष्य निराळे उत्तर सुचविते.

पूर्व बंगालातील बारिसाल जिल्हा सोडून आलेल्या नामशूद्र कुटुंबातील हा मुलगा निर्वासितांच्या छावणीत वाढला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. अक्षरओळख झाली ती तरुणपणी, तुरुंगात. पुढे कोलकात्यात सायकलरिक्षा ओढताना त्यांनी एका प्रवासी बाईंना ‘जिजीविषा’ या शब्दाचा अर्थ विचारला. त्या महाश्वेता देवी निघाल्या! त्यांच्याच ‘बर्तिका’ नियतकालिकात ब्यापारी लिहू लागले. स्वयंपाक्याची नोकरी करीत त्यांनी कथा, कादंबऱ्या व आत्मचरित्र लिहिले. २०२१ मध्ये ते पश्चिम बंगालच्या विधानसभेवर निवडूनही आले.

याउलट काबूलचे खालिद हुसेनी पहा. १९८० मध्ये त्यांच्या कुटुंबाने अमेरिकेत आश्रय घेतला, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. घर काही काळ सरकारी मदतीवर चालले. पण मुलाला शाळा व महाविद्यालय लाभले. तो डॉक्टर झाला आणि २००३ मध्ये ‘द काइट रनर’चा लेखक म्हणून जगाला ठाऊक झाला. एकाला व्यवस्थेने हात दिला, दुसऱ्याला योगायोगाने.

हा भेद आमच्या दाराशी आहे. १९६० नंतरच्या दशकात तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात पूर्व बंगालातील निर्वासितांना जमिनी देऊन वसविण्यात आले. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. मुलचेरा-चामोर्शीकडील बंगाली गावे त्यात गेली. धानाची शेती उभी राहिली. परंतु अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असल्याने बंगालातील नामशूद्राचा दर्जा महाराष्ट्रात त्याला मिळत नाही; आणि घरची भाषा एक, शाळेची दुसरी, ही मुलाची ओढाताण वेगळीच. शेजारच्या माडिया-गोंड मुलाची अडचणही हीच आहे. तो तर निर्वासित नव्हे, या अरण्याचा मूळ रहिवासी.

जातीचा प्रश्न संसदेने सोडवावयाचा आहे. पण १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या येथील वाचनालयांत मराठीशेजारी बांगला व गोंडी पुस्तकांचे एकेक कपाट ठेवण्यास आणि दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक नेमण्यास कोणाची आडकाठी आहे? खर्च अल्प आहे. जिजीविषेचा अर्थ कळण्यासाठी आमच्या मुलांना तुरुंग आणि रिक्षा यांची वाट धरावी लागू नये, एवढेच मागणे आहे.