खेळणारी मुले आणि खेळ बनवणारी मुले

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इयत्ता सहावीपासून कोडिंगचे उपक्रम सुरू करावेत असे लिहिले गेले आणि त्याच वर्षी, टाळेबंदीत घरी अडकलेल्या पालकांच्या डोळ्यांसमोर, कोडिंगच्या जाहिरातींचा पाऊस पडला. व्हाईटहॅट ज्युनिअर नावाच्या कंपनीच्या जाहिरातींत वुल्फ गुप्ता नावाचा एक मुलगा होता. कोडिंग शिकला आणि त्याला कोट्यवधींचे पॅकेज मिळाले म्हणे! असा मुलगा प्रत्यक्षात नव्हताच. जाहिरात मानक परिषदेने तक्रारींनंतर कंपनीच्या काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या. कंपनीने टीकाकारावर वीस कोटींचा मानहानीचा दावा ठोकला आणि २०२१ साली तो गुपचूप मागे घेतला. तिला ३० कोटी डॉलर्सना विकत घेणारी बायजूज २०२४ साली स्वतःच दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली.

या सगळ्या तमाशातून आपल्या वस्त्यांमध्ये दोन समज पसरले. एक, कोडिंग हे श्रीमंतांच्या पोरांचे फॅड आहे. दुसरा, कर्ज काढून का होईना, पोराला त्या क्लासला घातलेच पाहिजे. दोन्ही समज खोटे आहेत, कारण ज्या वस्तूसाठी हजारो रुपये मागितले जात होते ती वस्तू मुळात फुकट आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली स्क्रॅच नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा मुलांसाठी खुली केली. तिला पैसे लागत नाहीत. एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतली की इंटरनेटही लागत नाही. यात इंग्रजी कोड टाईप करायचा नसतो. एकमेकांत अडकणारे रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक जोडायचे. चुकीच्या जागी ठोकळा बसतच नाही, त्यामुळे अर्धविराम विसरला म्हणून प्रोग्रॅम बंद पडला, ही नवशिक्याची पहिली रडकथा येथे नाही. हिरव्या झेंड्यावर क्लिक केले की प्रोग्रॅम चालू होतो.

समजा सातवीच्या मुलीला वरून पडणारे आंबे टोपलीत झेलण्याचा खेळ बनवायचा आहे. पडद्याचा मध्य म्हणजे शून्य. डावीकडे उणे २४०, उजवीकडे अधिक २४०. वर १८०, खाली उणे १८०. आंबा वरून सोडायचा, पण दर वेळी वेगळ्या जागेवरून, म्हणून उणे २४० ते २४० यांमधली कोणतीही संख्या कॉम्प्युटरने स्वतः निवडावी असे सांगायचे. मग आंब्याची उंची पाच-पाचने कमी करत राहायची, आणि हे सतत करायचे. हा झाला लूप. जर आंबा टोपलीला लागला तर गुण एकने वाढवायचा. ही झाली अट. गुण ज्या डबीत साठतो ती झाली व्हेरिएबल, म्हणजे आपल्या बीजगणितातला चल. शाळेत उणे संख्या आणि निर्देशांक फळ्यावर पाहून जिला झोप येते, तीच मुलगी येथे टोपली दोन बोटे खाली सरकवण्यासाठी उणे १२० की उणे १४० यावर भांडते.

खरी गंमत चूक होते तेव्हा असते. टोपलीला लागल्यावर आंबा पुन्हा वर पाठवायचा, एवढे ती विसरली, तर एका आंब्याला एक गुण न मिळता दहा-पंधरा मिळतात. असे का? लूप एका सेकंदात साधारण तीस वेळा फिरतो, आणि आंबा टोपलीतून खाली सरकेपर्यंत प्रत्येक फेरीला ‘लागला’ हे उत्तर खरेच येते. मशीन चुकलेले नाही. मशीनने सांगितले तेवढेच केले. चूक माझ्या सूचनेत आहे आणि ती शोधून मीच दुरुस्त करू शकते, हे बारा वर्षांच्या मुलीला कोणी न रागावता कळणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या शाळांतून चुकीला छडी आहे, लाल शाई आहे, आणि आपल्या मुलांना तर वर टोमणाही आहे.

या विचाराचे मूळ स्क्रॅचच्याही मागे जाते. १९६७ साली सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, जन्माने गोरे, पण तरुणपणी वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत उतरलेले. कॉम्प्युटरने मुलाला चालवायचे की मुलाने कॉम्प्युटरला, हा प्रश्न त्यांनी १९८० च्या आपल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात मांडला. त्यांच्याच परंपरेतले मिचेल रेस्निक यांनी स्क्रॅच घडवले. स्क्रॅच हे नावही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील काळ्या तरुणांनी सत्तरच्या दशकात तबकड्या मागे-पुढे घासून जे नवे संगीत काढले, त्या घासण्याला स्क्रॅच म्हणतात. जुन्या तुकड्यांतून नवे काही जुळवायचे, हा त्याचा अर्थ.

स्क्रॅचची पारख कुठे झाली, हेही पाहावे. १९९३ साली बोस्टनमध्ये गरीब वस्त्यांतील मुलांसाठी कॉम्प्युटर क्लबहाऊस सुरू झाले आणि पुढे त्याच्या शाखा निघाल्या. अशाच एका क्लबहाऊसमधील ८ ते १८ वयाच्या मुलांनी अठरा महिन्यांत बनवलेले ५३६ प्रकल्प तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जाणकार शिक्षक नसतानाही मुले लूप वगैरे आपोआप वापरू लागली होती. परंतु व्हेरिएबल, तर्काच्या जोड-अटी आणि यादृच्छिक संख्या मात्र फारशा कोणाला स्वतःहून सापडत नव्हत्या. म्हणजे, ‘पोरांना मशीन द्या, ती शिकतील’ हे अर्धेच खरे. उरलेल्या अर्ध्यासाठी माणूस लागतो, आणि तो नेमक्या वेळी लागतो. रेस्निक यांनी एका मुलाची हकीकत सांगितली आहे. तो मोठा मासा लहान माशांना खातो असा खेळ बनवत होता, गुण मोजता येईनात. रेस्निक यांनी व्हेरिएबल दाखवताच त्याने त्यांचे हात धरून आभार मानले. बीजगणिताच्या किती शिक्षकांचे चल शिकवल्याबद्दल असे आभार मानले जातात? गरज आधी आली, संकल्पना नंतर. आमच्याकडे उलटे चालते. (मोठा मासा लहान माशाला खातो, याला आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणतात आणि तो आम्हाला खेळातून शिकावा लागत नाही, ते सोडा.)

आता आपल्याकडे पाहा. गेल्या वीस-बावीस वर्षांत आपल्या समाजात कॉम्प्युटर शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटीचे सर्टिफिकेट. सरकारी नोकरीला ते लागते म्हणून आईबापांनी फी भरली. त्यातून कित्येकांची कामे झाली, हे नाकारता येणार नाही. पण त्यातून शिकायला मिळाले काय? दुसऱ्याने बनवलेले चालवायला. टाईप करा, तक्ता भरा, प्रिंट काढा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. कॉम्प्युटरच्या जगातही एका बाजूला प्रोग्रॅम लिहिणारे आणि दुसऱ्या बाजूला डेटा एन्ट्री ऑपरेटर, अशी ओळ आखली जात आहे. त्या ओळीच्या कोणत्या बाजूला कोणाची आडनावे जास्त आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ साली शहरी भागात २३.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत. शाळांचे म्हणाल तर २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीत देशातील ५७.२ टक्के शाळांत कॉम्प्युटर आहे. उरलेल्या शाळा कोणाच्या वस्तीत आहेत? आणि जेथे आहे तेथेही तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, प्लास्टिकच्या कव्हराखाली, ऑनलाईन माहिती भरण्यापुरता असतो.

वकील म्हणून एक मुद्दा येथे मांडणे भाग आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत लागू आहे. नव्या धोरणातले कोडिंग सहावीपासून आहे. म्हणजे सहावी, सातवी, आठवी ही तीन वर्षे कायद्याच्या संरक्षणात येतात. कलम १२(१)(क) खाली २५ टक्के जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलांना संगणक सुविधांच्या बाबतीत भेदभावाने वागवता येणार नाही, असे केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट शब्दांत आहे. तेव्हा ‘कोडिंगचा तास जादा फीचा आहे, आरटीईच्या मुलांनी लायब्ररीत बसावे’ असे कोणी शाळा सांगत असेल तर मुकाट परत येऊ नका. लेखी मागा आणि शिक्षणाधिकाऱ्याकडे तक्रार करा. या २५ टक्के जागांवरच घाला घालणारी दुरुस्ती महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द केली. अर्थात कोर्टाची वाट नेहमीच सरळ नसते. गरीब मुलांना ऑनलाईन शिक्षणासाठी शाळांनी उपकरणे द्यावीत, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२० चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्थगित केला होता.

काही सुशिक्षित बांधव म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ताच कोड लिहून देते, मग पोरांना हे शिकवून काय उपयोग? त्यांना एक विचारावेसे वाटते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला गेलेल्या मुलाला खिडकीवर काय उत्तर मिळते? ‘सिस्टीम घेत नाही.’ हे ऐकून पोरगा मान खाली घालून घरी येतो. जणू सिस्टीम म्हणजे आकाशवाणी! ज्याने स्वतः ‘जर-तर’ची अट लावून खेळ बनवला आहे, त्याला ठाऊक असते की ही अट कोणीतरी माणसाने बसवली आहे आणि ती चुकीचीही असू शकते. तो विचारेल, कोणती अट आडवी आली? कोणी घातली? कोणत्या शासन निर्णयाने? एकेकाळी नियम पोथीत लिहिलेले होते आणि ती पोथी वाचण्याची आम्हाला बंदी होती. आज नियम कोडमध्ये लिहिले जात आहेत. कोड यंत्राने लिहिला म्हणून ही गरज कमी होत नाही, उलट वाढते.

तेव्हा ज्या विहारात अभ्यासिका चालते, ज्या वसतिगृहात संध्याकाळी दिवा असतो, तेथे हे काम उद्यापासून होऊ शकते. नवी लॅब नको, कंपनीची देणगी नको. बँकेत, आयटीत लागलेल्या आपल्या बांधवांच्या घरी पडून असलेले दोन जुने लॅपटॉप पुरेत. एका मशीनवर तीन मुले बसवावीत, त्यात किमान एक मुलगी, आणि माऊस दर दहा मिनिटांनी फिरता ठेवावा, नाहीतर तो दांडगट पोराच्या हातातच राहतो. ठोकळ्यांवरचे शब्द मराठीत समजावून द्यावेत: ‘जर’, ‘तर’, ‘नाहीतर’, ‘तोपर्यंत करत राहा’. वीज गेली तर अंगणात सापशिडी आखावी आणि तिचे नियम पाटीवर असे लिहायला लावावेत की ज्याने हा खेळ कधी पाहिलाच नाही त्यालाही चुकता येऊ नये. एक मुलगा नुसता मशीन होऊन त्या सूचना अक्षरशः पाळेल, बाकीच्यांनी चूक धरायची. पहिल्या दिवशी मांजर पडद्यावर चालले तरी पुष्कळ झाले. आंबे, टोपली आणि गुण चौथ्या-पाचव्या रविवारी येतील. व्हेरिएबल मात्र आधी शिकवू नये. ‘दादा, गुण कसे मोजायचे?’ असे कोणी विचारेपर्यंत थांबावे.