पिशवीच्या मागची बाजू

घरातील माणसांचे जेवण रोज बदलते. सकाळी पोळी-भाजी, रात्री आमटी-भात, एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रविवारी मासे. एखाद्या दिवशी ताटात काही उणे राहिले, तर दुसऱ्या दिवशी ते भरून निघते. घरातील कुत्र्याला ही सोय नसते. ज्या घरात त्याला विकतचे कोरडे खाद्य दिले जाते, तेथे एकाच पिशवीतील एकच पदार्थ तो दिवसातून दोनदा, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे खात असतो. त्या खाद्यात एखादा घटक कमी असेल तर तो रोज कमी पडतो. जास्त असेल तर रोज साचत जातो. या खाद्याची निवड म्हणूनच आपल्या ताटातील कोणत्याही एका पदार्थाच्या निवडीपेक्षा अधिक काळजीने व्हावयास हवी.

प्रत्यक्षात मात्र ती सर्वांत घाईने होते. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या दाण्यांना सरसकट ‘पेडिग्री’ म्हणण्याची सवय पडली आहे. ते एका विशिष्ट उत्पादनाचे नाव आहे, हेही अनेकांच्या ध्यानी नसते. सर्व दाणे सारखेच, असा समज त्यामागे असतो. ते सारखे नसतात; पण त्यांतील फरक पिशवीच्या दर्शनी बाजूवरील तजेलदार चित्रावरून कळत नाही. तो मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असतो.

कुत्रा आवडीने खातो, एवढे पुरेसे नाही

हे दाणे कसे तयार होतात, ते प्रथम पाहू. धान्याचे पीठ, मांसाची वाळवलेली भुकटी, जीवनसत्त्वे व खनिजे एकत्र करून ते मिश्रण वाफ आणि दाब यांच्या साहाय्याने शंभर अंशांहून अधिक तापमानात शिजवतात, साच्यातून दाबून काढतात, कापतात आणि वाळवतात. त्यानंतर दाण्यांवर चरबी व चव आणणारी द्रव्ये फवारली जातात. कुत्र्याला जो वास मोहात पाडतो, तो मुख्यत्वे या बाहेरच्या लेपाचा असतो. तेव्हा ‘आमचा मोती अगदी मिटक्या मारीत खातो’ ही लेपाची पावती आहे, आतल्या पोषणाची नव्हे. लाल-हिरवे दाणेही आपल्यासाठीच असतात. कुत्र्याच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा यांतील भेद नीटसा कळत नाही.

घटकांची यादी वाचताना

घटकांची यादी सामान्यतः वजनाच्या उतरत्या क्रमाने देतात, आणि हे वजन मिश्रण करतेवेळचे असते. येथेच एक गफलत होते. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असते. ३० किलो ताजे चिकन घातले, तर दाणा वाळल्यावर त्यातून जेमतेम १० किलो उरते. त्याखाली लिहिलेला २५ किलो मका मात्र फारसा घटत नाही. म्हणजे यादीत पहिले नाव चिकनचे असूनही तयार दाण्यात मक्याचा वाटा मोठा असू शकतो. उलट ‘चिकन मील’, म्हणजे वाळवलेली भुकटी, ऐकायला कमी दर्जाची वाटते. पण तिच्यातील पाणी आधीच निघून गेलेले असल्याने तितक्याच वजनात तिची प्रथिने कितीतरी अधिक असतात.

दुसरी युक्ती विभागणीची. मका, मक्याचे पीठ, मक्याचे ग्लूटेन अशी तीन नावे वेगवेगळी लिहिली, की प्रत्येकाचे वजन कमी दिसते आणि मांस वर सरकते. अशी एकाच कुळातील नावे मनातल्या मनात एकत्र करूनच यादी वाचावी.

‘बायप्रॉडक्ट’ या शब्दाने मात्र दचकण्याचे कारण नाही. कलेजी, हृदय, पेटा हे भाग त्यातच येतात, आणि त्यांचे पोषणमूल्य किती आहे, हे मटण-चिकन खाणाऱ्या कोणत्याही मराठी घराला सांगावे लागत नाही. प्रश्न कोणता भाग वापरला याचा कमी आणि तो किती स्वच्छ व ताजा होता याचा अधिक असतो. त्याचे उत्तर यादीत मिळत नाही.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

पिशवीवर ‘क्रूड प्रोटीन’, ‘क्रूड फॅट’, ‘क्रूड फायबर’ आणि ओलावा यांचे प्रमाण छापलेले असते. यांतील प्रथिनांचा आकडा थेट मोजलेला नसतो. खाद्यातील नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे नायट्रोजन कोठून आला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. या उणिवेची भयंकर किंमत २००७ मध्ये अमेरिकेतील प्राणिपालकांनी मोजली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाईन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळलेले होते. कागदावर प्रथिने भरपूर दिसली. प्रत्यक्षात अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत तेच रसायन सापडले.

आकड्यांची तुलना करताना ओलावा वजा करावा. कोरड्या खाद्यात सुमारे १० टक्के ओलावा असतो. २४ टक्के प्रथिने लिहिलेल्या अशा खाद्यातील खरे प्रमाण २४ भागिले ०.९, म्हणजे सुमारे २७ टक्के होते. डब्यातील ओल्या खाद्यावर ८ टक्केच लिहिलेले असते. पण त्यात ८० टक्के पाणी असेल, तर ते खरे ४० टक्के ठरते. अमेरिकेतील ‘आफ्को’ या पशुखाद्य नियंत्रक अधिकाऱ्यांच्या संघटनेने ओलावा वगळून प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि पिलांसाठी व गाभण वा पाजत्या कुत्रीसाठी किमान २२.५ टक्के प्रथिने ठरवली आहेत. स्निग्ध पदार्थांचे किमान प्रमाण अनुक्रमे ५.५ आणि ८.५ टक्के आहे.

पिष्टमय पदार्थांचे प्रमाण बहुधा छापलेले नसते, पण काढता येते. प्रथिने २४, चरबी १०, तंतू ४, ओलावा १० आणि राख, म्हणजे खनिजे, ८ धरली तर बेरीज ५६ होते. उरलेले ४४ टक्के पिष्ट. हे पाहून घाबरू नये. कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. माणसाच्या सहवासात त्याच्यात पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. उलट ‘धान्यविरहित’ म्हणून महागात विकल्या जाणाऱ्या, वाटाणा व मसूर यांचे प्रमाण मोठे असलेल्या काही खाद्यांचा हृदयस्नायूच्या विकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारणभाव अद्याप सिद्ध झालेला नाही. परंतु पशुवैद्याने कारण सांगितल्याशिवाय धान्य टाळण्यात काही लाभ आहे, असेही सिद्ध झालेले नाही.

एक वाक्य शोधावे

पिशवीवर सर्वांत मोलाचे वाक्य असते ते पूर्णतेचे: हे खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ आहे आणि ते कोणत्या वयासाठी आहे. असे वाक्य नसेल, तर ते खाद्य पूरक खाऊ समजावे. केवळ त्यावर कुत्रा पोसू नये. हे वाक्य दोन आधारांवर लिहिता येते. एक, घटकांचे गणित मानकाशी जुळते. दुसरा, खाद्य प्रत्यक्ष कुत्र्यांना देऊन पाहिले आहे. ‘आफ्को’च्या पद्धतीनुसार प्रौढ कुत्र्यांसाठीची ही चाचणी किमान ८ कुत्र्यांवर २६ आठवडे चालते. ती फार मोठी कसोटी नव्हे, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. ‘आफ्को’ स्वतः कोणत्याही खाद्याला मान्यता देत नाही, हेही लक्षात असू द्यावे. ‘आफ्को-मान्य’ असा शिक्का दिसला, तर तो दावाच चुकीचा आहे.

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा थोराड जातींच्या पिलांसाठी वयाचा उल्लेख विशेष महत्त्वाचा. त्यांच्या वाढत्या हाडांना कॅल्शियम कमी पडणे वाईट, तसेच जास्त होणेही वाईट. लहान पिलाचे शरीर जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही, आणि सांध्यांची व हाडांची वाढ बिघडते. संतुलित खाद्य चालू असताना हौसेने कॅल्शियमचे औषध पाजण्याची आपल्याकडील प्रथा म्हणूनच थांबावयास हवी. तसेच कुत्र्याचे खाद्य घरच्या मांजराला देऊ नये. मांजराला टॉरिन हा घटक अन्नातूनच मिळावा लागतो. कुत्र्याचे शरीर तो स्वतः तयार करते.

प्रश्न विचारण्याचा हक्क

आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात, म्हणजे २००६ च्या अधिनियमात, ‘अन्न’ या संज्ञेतून पशुखाद्य वगळलेले आहे. माणसांच्या अन्नावर असते ती देखरेख या पिशवीवर आहे, असे गृहीत धरता येत नाही. मग निर्मात्यालाच विचारावे. ग्राहक-संपर्काचा दूरध्वनी किंवा ईमेल आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार पिशवीवर असतोच. खाद्याचे सूत्र कोणी तयार केले, त्या व्यक्तीचे पशुपोषणातील शिक्षण काय? ते कोणत्या कारखान्यात बनते, स्वतःच्या की दुसऱ्याच्या? प्रत्येक खेपेची बुरशीविष व जीवाणूंसाठी तपासणी होते काय? एक किलो खाद्यात किती कॅलरी आहेत? लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटनाही अशाच प्रकारचे प्रश्न विचारण्याचा सल्ला देते. नीट उत्तर देणारी कंपनी आणि टोलवाटोलवी करणारी कंपनी यांतील फरक कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगून जातो.

कॅलरीचा आकडा पैशांचाही हिशोब मांडतो. नसबंदी केलेल्या २० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १०६० कॅलरी लागतात. समजा, एका खाद्यात किलोला ३००० कॅलरी आहेत आणि दर ३०० रुपये; दुसऱ्यात ३९०० कॅलरी आणि दर ३८० रुपये. पहिले रोज ३५३ ग्रॅम लागेल, खर्च १०६ रुपये. दुसरे २७२ ग्रॅम, खर्च १०३ रुपये. महाग दिसणारी पिशवी येथे स्वस्त पडली. दर किलोचा नव्हे, दिवसाचा पाहावा.

पावसाळा, डबा आणि घरातील मुले

उत्तम खाद्यही आपल्या हवेत लवकर बिघडते. मोठे पोते फोडून सुटे दाणे विकण्याची पद्धत अनेक गावांत आहे. अशा दाण्यांना ना लेबल असते, ना तारीख. बाहेरची चरबी हवेने खवट होते आणि दमट दाण्यांवर बुरशी धरते. मक्यासारख्या धान्यावरील एका बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा घात करते, आणि ते शिजवूनही पुरते नष्ट होत नाही. २००५ च्या अखेरीस आणि २०२० च्या अखेरीस अमेरिकेत या विषामुळे अनेक कुत्री दगावली. घरी डबा धुपला, दाण्यांना खवट किंवा कुबट वास आला, तर हळहळ न करता ते फेकावेत.

कुटुंबासाठी आणखी एक इशारा. २०१२ मध्ये अमेरिका व कॅनडा येथे कोरड्या कुत्राखाद्यातून आलेल्या साल्मोनेला जीवाणूमुळे ४९ माणसे आजारी पडली. रांगत्या मुलाच्या हाताला येईल अशा जागी कुत्र्याची थाळी ठेवू नये, ती स्वयंपाकाच्या भांड्यांसोबत घासू नये, आणि दाणे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

शेवटची परीक्षा

एवढे करून खाद्य निवडले, तरी निकाल कुत्र्याच्या अंगावरच वाचायचा असतो. नवे खाद्य ७ ते १० दिवसांत जुन्यात थोडेथोडे मिसळून वाढवावे. पुढील दीड-दोन महिने शौच बांधेसूद होते काय, केस तुकतुकीत राहतात काय, खाज वाढते काय, हे पाहावे. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या हाताने चाचपल्यावर लागाव्यात. वरून पाहता कंबर जाणवावी. पिशवीवरील मापाचा तक्ता केवळ आरंभासाठी असतो. एका खाद्य कंपनीनेच केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांपैकी निम्म्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाद्य जन्मभर दिले गेले. ती सरासरी सुमारे १.८ वर्षे अधिक जगली. खाद्य कोणते, याइतकेच ते किती, याला महत्त्व आहे. मूत्रपिंड, यकृत किंवा मधुमेहाचा विकार असलेल्या कुत्र्याचे खाद्य मात्र पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावे.

आणि एक छोटी सवय. दाणे डब्यात ओतून पिशवी टाकून देऊ नये. पिशवीसकट ते डब्यात ठेवावे, ती उघडल्याची तारीख पेनाने वर लिहावी आणि साधारण महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच पिशवी आणावी. कुत्रा अचानक आजारी पडला, तर पशुवैद्य प्रथम विचारतात, ‘काय खाल्ले होते?’ खेपेचा क्रमांक असलेली ती पिशवी हाताशी असेल, तर या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही.