घोडा परक्या तबेल्यात ठेवताना

मार्गशीर्षी पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या निमित्ताने, तापीकाठी सारंगखेडा येथे भरणाऱ्या बाजारात, तसेच नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते. नांगर, टपाल आणि प्रवास यांपैकी कोणत्याच कामासाठी आता घोड्यावाचून अडत नाही. तरी हौस, परंपरा आणि क्वचित पैदाशीचा धंदा यांखातर घोडा बाळगणारी घराणी खेडोपाडी आहेत. अडचण निराळीच आहे. घोडा घेणारा शेतकरी पुष्कळदा मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहावयास गेलेला असतो, जुन्या वाड्यातील पागेच्या जागी खोल्या निघालेल्या असतात, आणि घोडा दरमहा ठराविक रक्कम देऊन परक्या तबेल्यात ठेवावा लागतो. घोडा पसंत करताना त्याचे भोवरे, रंग, कानांची ठेवण आणि चाल पाहण्यात तीन-तीन दिवस घालविणारा गृहस्थ तबेला मात्र अर्ध्या तासात ठरवून मोकळा होतो. घोड्यांच्या पुष्कळशा हालअपेष्टांचे मूळ या अर्ध्या तासात आहे.

तबेला ठरविताना पहिला प्रश्न विचारला जातो तो दराचा, आणि ज्याचा दर कमी तो तबेला बरा असा निकाल लावला जातो. हा निकाल सर्वस्वी चुकीचा होय. सुमारे ३५० किलो वजनाच्या घोड्यास दिवसाकाठी वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सात किलो कोरडे खाद्य लागते. त्यात मोठा भाग चाऱ्याचा आणि कामाच्या मानाने एक-दोन किलो चंदीचा असावयास हवा. आपल्या गावच्या बाजारभावाने चारा व हरभरा यांचा महिन्याचा हिशेब कोणत्याही शेतकऱ्यास चिठोऱ्यावर मांडता येईल. त्यात मोतद्दाराचा पगार, नालबंदी आणि आथरीचा खर्च मिळवावा. तबेल्याचा दर या बेरजेहून कमी निघाला, तर तबेलेवाला तोटा सोसून दुसऱ्याचा घोडा पोसत आहे असे समजण्याचे कारण नाही. तोटा कोठून तरी भरून निघतच असतो, आणि तो बहुधा तोबऱ्यातूनच निघतो. जोडधंदा म्हणून तबेला चालविणाऱ्या शेतकऱ्यांनीही गिऱ्हाईक टिकविण्याच्या भरात न परवडणारा दर सांगू नये. जो खर्च आज तोंडाने सांगण्याचा संकोच वाटतो, तोच पुढे घोड्याच्या बरगड्यांवर उघडा पडतो.

तबेला पाहावयास जावे ते आगाऊ निरोप न धाडता, आणि शक्यतो सायंकाळी. सकाळी झाडलोट झालेली असते व सारे तबेले सारखेच दिसतात. सायंकाळी घोड्यापुढील बादलीत पाणी आहे की तळाशी शेवाळ आहे, हे दिसते. घोड्यास दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. आणि पाणी तुटले की आतड्यातील चारा सुकून पोटशूळ उद्भवतो. लीद पाहण्यास कोणी कमीपणा मानू नये. निरोगी घोडा दिवसातून आठ ते बारा वेळा लीद टाकतो. ती गोळाबंद, ओलसर आणि फुटेल इतकी मऊ असते. ती कोरडी, लहान आणि चिकट आवरणाची असेल, किंवा तीत सबंध दाणे दिसत असतील, तर तेथील पाणी, चारा किंवा घोड्यांचे दात यांत काही बिघाड आहे असे जाणावे. तबेल्यात शिरताच डोळे चुरचुरत असतील, तर मूत्रातील अमोनिया तेथे साचला आहे. माणसास दोन मिनिटे न सोसणारी ती हवा घोड्याच्या फुप्फुसात अहोरात्र जात असते.

चाऱ्याची खोली उघडून दाखविण्यास सांगावे. कडबा, गवत किंवा मका यांस बुरशीचा वास येत असेल, तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. ज्या बुरशीने बैलाचे फारसे बिघडत नाही ती घोड्यास बाधते, आणि बुरशी लागलेल्या मक्यामुळे तर मेंदूचा प्राणघातक विकार होतो. ऊस-पट्ट्यातील तबेल्यांत वाढे व गव्हाचा कोंडा यांवरच घोडे ठेवण्याचा प्रघात आहे. वाढे फुकट मिळते, कोंडा स्वस्त असतो, आणि घोडा दोन्ही आवडीने खातो. परंतु वाढ्यातील ऑक्झॅलेट अन्नातील कॅल्शियम बांधून ठेवते व कोंड्यात फॉस्फरस फार असतो. ही जोडी महिनोन्‌महिने चालली की घोडा स्वतःच्या हाडांतील कॅल्शियम वापरू लागतो, तोंडाची हाडे फुगतात आणि पाय लंगडू लागतात. घोडा दिसावयास मात्र पुष्कळ दिवस गुबगुबीत असतो, म्हणून मालक संतुष्ट असतो.

इमारतीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. बारा फूट लांब-रुंद, कोरडे आणि दोन्ही अंगांनी वारा खेळणारे ठाण पुरे. खानदेशाच्या उन्हाळ्यात उघड्या पत्र्याखाली घोडा बांधणे ही क्रूरता आहे. पत्र्यावर गवत किंवा पाचट पसरण्याइतकी तसदीही जेथे घेतलेली नाही तेथे घोडा ठेवू नये. अगाडी-पिछाडी लावून घोडे दिवसभर एकाच जागी उभे करणारे तबेलेही टाळावे. घोडा हा चालता-चालता थोडे थोडे चरणारा प्राणी आहे. त्याला रोज मोकळे सोडण्यास कुंपण घातलेली जागा हवी. संगमरवरी पाटी आणि रंगीत कमान यांना ती पर्याय नव्हे.

खरी परीक्षा मोतद्दाराची. शिवकालीन पागेच्या व्यवस्थेचे वर्णन सभासदाच्या बखरीत आले आहे. तीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचे सांगितले आहे. पाणी आणि खूर यांकडे लक्ष देणारा माणूस ठरलेला असावा, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना लेखी बंदोबस्त करण्याइतके महत्त्वाचे वाटले. आजच्या तबेल्यात वीस घोड्यांमागे एक पोरगेला मुलगा आढळतो, व तोही रात्री घरी निघून जातो. घोड्यास ओकारी होत नाही. त्यामुळे जठर फुगले तर ते फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. रात्री दहास पाय आपटणारा, पोटाकडे वळून पाहणारा, लोळणारा घोडा सकाळपर्यंत वाट पाहू शकत नाही. तेव्हा रात्री तबेल्यात कोण निजतो, त्याला पोटशुळाची लक्षणे कळतात काय, आणि मालकाचा फोन लागला नाही तर पशुवैद्यास बोलाविण्याचा अधिकार त्याला आहे काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून व्यवहार पुरा करू नये. मोतद्दारास सारे कळत असते, परंतु बोलावणाऱ्याने पैसे द्यावे लागतील या भीतीने तो गप्प बसतो, आणि घोडा हकनाक जातो. पशुवैद्याचा खर्च मालक देईल व बोलावणे तबेलेवाला करील, ही दोन वाक्ये कागदावर असली म्हणजे ही भीती उरत नाही.

संसर्गाची बाब याहून नाजूक आहे, कारण तिच्यात एकाच्या चुकीचे फळ सर्वांस भोगावे लागते. ग्लँडर्स हा रोग २००६ साली महाराष्ट्रात पुन्हा प्रकट झाला. तो माणसासही होतो. रोगी ठरलेल्या घोड्यावर उपचार न करता त्यास दयामरण द्यावे लागते, आणि रोगाची वर्दी पशुसंवर्धन खात्यास देणे कायद्याने बंधनकारक आहे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगाची रक्तपरीक्षा होते. बाजारातून आणलेला नवा घोडा जो तबेलेवाला परीक्षेचा दाखला न पाहता त्याच दिवशी इतर घोड्यांच्या रांगेत बांधतो, तो ‘नाही’ म्हणण्यास भिडस्त आहे असे म्हणून त्याला क्षमा करता येणार नाही. नवा घोडा निदान तीन आठवडे वेगळा बांधावा; त्याची बादली, खरारा व तोबरा वेगळा असावा. वरातीचे घोडे जेथे राहतात तेथे ही काळजी दुप्पट हवी, कारण ते दर मुहूर्तास दहा ठिकाणच्या घोड्यांत मिसळून येतात. गोठ्यास लागून असलेला तबेला सोयीचा वाटतो, परंतु गाई-म्हशींच्या रक्तात सर्रा रोगाचे जंतू फारशी लक्षणे न दाखविता राहू शकतात, आणि घोडमाशी ते घोड्यापर्यंत पोहोचविते. पावसाळ्यात व त्यानंतर घोडा थकू लागला, ताप येऊन जाऊ लागला, पायांस सूज आली, तर रक्त तपासून घ्यावे. धनुर्वाताची लस टोचल्याची नोंद नसलेला घोडा तर कोणत्याही तबेल्यात पाठवू नये. खिळ्याची एक जखम त्याला पुरते.

आणखी एक प्रकार स्पष्टपणे लिहिणे प्राप्त आहे. ठेवावयास दिलेला घोडा मालकाच्या नकळत वरातीस किंवा नाचविण्यास भाड्याने दिला जातो. मालक महिन्यातून एकदा येतो. त्याच्या दृष्टीस पडतो तो खरारा केलेला घोडा. डांबरी रस्त्यावर झिजलेले नाल, तोंडाच्या कोपऱ्यांवर लगामाचे ओरखडे आणि ढोल ऐकताच थरथरणारे अंग ही खूण ओळखण्यास सराव लागतो. यासाठी मालकाने आठवड्यातून एकदा तरी अवेळी जावे, आणि सहा ते आठ आठवड्यांनी होणाऱ्या नालबंदीच्या वेळी स्वतः हजर राहावे. नालबंदाशी दहा मिनिटे बोलल्यास तबेलेवाल्याकडून वर्षभरात न कळलेले पुष्कळ कळते. ज्या तबेल्याचा धनी मालकाच्या अवेळी येण्याने कुरकुरतो तेथून घोडा त्याच आठवड्यात हलवावा, मग महिन्याची उरलेली रक्कम परत मिळो वा न मिळो. हलविताना जुन्या तबेल्यातील आठवड्याभराचा चारा बरोबर घ्यावा आणि नवा चारा त्यात रोज थोडा थोडा मिसळीत जावा. एकाएकी खाद्य बदलल्यानेही पोटशूळ होतो.